दसऱ्याआधी ठरवा: ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यानं पाळणा कसा लांबवायचा, संसर्ग कसा टाळायचा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली डोंगरपट्ट्याची गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतलेली असते. मग ट्रक-ट्रॅक्टर येतात आणि एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, सांगली, कोल्हापूर, सातारा, नगर, पार बेळगाव-बागलकोटपर्यंत जातो. मी याच पट्ट्यात उपकेंद्रावर नर्स आहे. निघायच्या आठवड्यात बायका माझ्याकडे तापाच्या गोळ्या, लेकराचा डोस आणि कंबरदुखीचं मलम मागायला येतात. पुढच्या सहा महिन्यांत दिवस जाऊ नयेत म्हणून काय करायचं हे विचारणाऱ्या फार थोड्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना तोवर उशीर झालेला असतो. हे मी त्यांच्यासाठी लिहितेय. त्यांतल्या सगळ्यांना वाचता येत नसेल, पण घरात फोनवर वाचणारी पोरं-पोरी आता आहेत. आईला, वहिनीला, थोरल्या भावाला हे वाचून दाखवा. लाजू नका.

फडात, म्हणजे तोडीच्या उसाच्या रानात, दिवस गेलेल्या बाईचे हाल मी वेगळे सांगायला नकोत. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. मग ती सातव्या-आठव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढते. तपासणीची तारीख तिच्या गावच्या कार्डावर लिहिलेली असते आणि ती असते तीनशे किलोमीटर लांब. नको असताना दिवस गेले तर कुणीतरी कुठून तरी गोळ्या आणून देतो आणि पालात, म्हणजे फडावरच्या खोपटात, रक्त जात राहतं. आमच्या बायका आधीच रक्तानं कमी. त्यांना हे झेपत नाही. म्हणून कोणतं साधन वापरायचं ते गावात, दसऱ्याच्या आत ठरलं पाहिजे. माझं सगळं सांगणं या कॅलेंडरभोवतीच आहे.

पुरुषांचं ऑपरेशन जून-जुलैत करून घ्या

दोघांनाही आणखी मूल नको आहे, धाकटं लेकरू वर्षाच्या पुढे गेलंय, अशा जोडप्यापासून सुरुवात करते, कारण त्यांचं काम सर्वात आधी सुरू व्हायला हवं. आपल्याकडे ‘ऑपरेशन’ म्हटलं की बाईचंच, असं घरोघरी गृहीत धरलेलं आहे. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं असतं आणि पुरुषांचं शंभरात एकाचंही नाही. मला हे अजिबात पटत नाही. बिनटाक्याची नसबंदी दहा-वीस मिनिटांची असते. जागा बधिर करतात, बारीक छिद्रातून नळी बांधतात, माणूस त्याच दिवशी घरी येतो आणि आठवड्याभरात जड कामाला लागतो. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावं लागतं, दुर्बिणीचं असलं तरी पोटातच शिरावं लागतं, आणि पुढे दोन आठवडे तरी ओझं उचलायचं नसतं.

‘नसबंदी केली की ताकद जाते, कोयता चालत नाही,’ हे मी दरवर्षी ऐकते. यात काही खरं नाही. नळी बांधली की वीर्यात शुक्रजंतू येत नाहीत, एवढाच बदल होतो. पुरुषी संप्रेरक रक्तातून जातात, त्यांचा या नळीशी संबंध नाही. इच्छा, ताठरता, वीर्य येणं, अंगातली शक्ती सगळं पहिल्यासारखं राहतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. नसबंदीनंतर लगेच संरक्षण मिळत नाही. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. जूनमध्ये केलं तर सप्टेंबरात तपासणी होते आणि निकाल हातात घेऊन माणूस गाडीत बसतो. निघायच्या तोंडावर केलं तर ते तीन महिने फडात जातात, निरोध संपतो, तपासणी राहते, आणि मग दिवस गेले की नवरा बायकोवर संशय घेतो. त्यात बाईचा काही दोष नसतो.

बाईचंच करायचं असेल तर तिचं वय २२ पूर्ण हवं, एक तरी मूल वर्षाच्या वरचं हवं आणि मन तिचं स्वतःचं तयार हवं. कायद्यानं नवऱ्याची सही लागत नाही. तेविसाव्या वर्षी ‘एकदाचं मोकळं व्हायचं’ म्हणून आलेल्या मुलीला मी आधी तांबीबद्दल (कॉपर-टी) सांगते. ऑपरेशन कायमचं असतं, उलटवण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

तांबी

दोन मुलांत अंतर हवं असलेल्या, फडावर जाणाऱ्या बाईला मी सर्वात आधी तांबीच सुचवते. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. ३८०-ए प्रकारची १० वर्षं चालते, ३७५ प्रकारची ५ वर्षं. रोज काही आठवायचं नाही, मध्येच कुणाकडे जायचं नाही. वर्षभरात शंभर बायकांत एकीलाही जेमतेम दिवस जातात. नको झाली की काढता येते आणि लगेच पुढच्या पाळीपासून मूल राहू शकतं.

मोळी उचलल्यानं तांबी सरकते, पोटात वर चढते, काळजाला जाऊन चिकटते, असं सांगितलं जातं. गर्भपिशवी ही वरून बंद असते, तिथून काळजाकडे वाट नाही. ओझ्यानंही ती सरकत नाही. पडलीच तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत, पाळीबरोबर पडते. म्हणून ती गणपतीच्या सुमारास बसवा. एक पाळी गावात होऊ द्या आणि मग सिस्टरकडून धागा तपासून घ्या. पहिल्या दोन-तीन पाळ्यांना अंगावर जास्त जातं, पोटात कळा येतात, नंतर ते कमी होतं. ज्यांचं रक्त फार कमी आहे त्यांनी आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं आणि लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. पांढरं-पिवळं, वासाचं जात असेल तर त्याचा उपचार आधी, तांबी नंतर.

बाळंतपण दवाखान्यात होणार असेल तर वार पडल्यानंतर लगेच किंवा ४८ तासांच्या आत तिथेच तांबी बसवता येते. तसं आधीच सांगून ठेवा. ऐन कळांत विचारलं तर कुणालाच नीट ठरवता येत नाही.

अंतरा: तारखा लिहून घ्या

अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन. बऱ्याच बायकांना ते आवडतं, कारण घरात कुणाला दिसत नाही, सासूला विचारावं लागत नाही. शंभर बायकांनी वर्षभर घेतलं तर साधारण चौघींना दिवस जातात, आणि तेही मुख्यतः पुढचं इंजेक्शन चुकल्यामुळे. फडावर नेमकं तेच चुकतं. म्हणून तारखांचा हिशेब इथूनच करून जा.

समजा १० ऑक्टोबरला इंजेक्शन घेतलं. पुढचं १३ आठवड्यांनी, म्हणजे ९ जानेवारीला. ते दोन आठवडे आधी घेतलं तरी चालतं आणि चार आठवडे उशिरा घेतलं तरी चालतं. म्हणजे २६ डिसेंबर ते ६ फेब्रुवारी एवढी मोकळीक तुमच्या हातात आहे. या दीड महिन्यात कारखान्याच्या जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचंच. सोबत अंतराचं कार्ड न्या. ते दाखवलं की कधी घेतलं, पुढचं कधी द्यायचं, सगळं तिथल्या सिस्टरला कळतं. ९ जानेवारीला घेतलं तर तिसरं १० एप्रिलच्या आसपास, तेव्हा बहुतेक जणी गावी परतलेल्या असतात. या तारखा नवऱ्याच्या फोनमध्ये घंटी लावून ठेवा, बाजाराच्या दिवसाशी जोडून ठेवा.

इंजेक्शनची जागा चोळायची नाही, शेकायची नाही. पाळी बेभरवशाची होते, कधी थेंब थेंब जातं, मग काही महिन्यांनी बंदही होते. ‘रक्त आत साठतं’ ही भीती मनातून काढून टाका. आतलं अस्तरच वाढत नाही, म्हणून यायला काही नसतं. शेवटच्या इंजेक्शननंतर मूल राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून ज्यांना लवकरच मूल हवंय त्यांनी हे घेऊ नये. बाळंतीण अंगावर पाजत असेल तर सहा आठवड्यांनंतर घेता येतं. पहिल्या वेळी बीपी तपासून, सगळं विचारून मगच देतात. तेवढा वेळ काढून या.

गोळ्या

माला-एन रोजची गोळी आहे. २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. चांगली गोळी आहे, पण मध्यरात्री गाडी भरायला उठणाऱ्या, पहाटे चारला भाकरी थापणाऱ्या बाईची रोजची वेळ पाळली जाणं कठीण. एक राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर एक लगेच घेऊन त्याच पाकिटातल्या पुढच्या गोळ्या रोज चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, बीपी जास्त असेल, काविळीचा आजार असेल तर ही गोळी नको.

छाया मला फडासाठी जास्त सोयीची वाटते. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी आहे, आणि पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारांना. उदाहरणार्थ रविवार आणि बुधवार. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. सहा महिन्यांना सुमारे ३९ गोळ्या लागतात. ८ गोळ्यांच्या पाकिटाच्या हिशेबानं ५ पाकिटं निघतानाच मागून घ्या. आशाताईकडे तेवढी नसतील तर केंद्रातून मागवायला सांगा, त्यासाठीही चार दिवस आधी सांगावं लागतं.

गोळी चुकली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्या, ठरलेले वार तसेच चालू ठेवा, पण पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांपेक्षा जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. हिनं पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करा.

‘पाजतेय म्हणजे दिवस जात नाहीत’

हे अर्धं खरं आहे आणि फडावर तर फारच थोडं खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काही दिलेलं नाही, दिवसरात्र अंगावरच पितं आणि पाळी परत आलेली नाही, या सगळ्या गोष्टी एकत्र असतील तरच त्यावर विसंबता येतं. फडात काय होतं? आई पहाटे निघते, बाळ पालात मोठ्या बहिणीजवळ, मध्ये चहा-बिस्कीट भरवलं जातं, दूध तटतं आणि मग आटत जातं. अशा बाईला पाळी यायच्या आधीच दिवस जाऊ शकतात, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं. बाळ घेऊन जाणाऱ्या प्रत्येकीनं तांबी, छाया किंवा अंतरा यांतलं एक काहीतरी घेऊनच निघावं.

‘बाहेर काढून घेतो’ यावर भिस्त ठेवणाऱ्या जोडप्यांना एवढंच सांगते: अशा शंभर जोडप्यांत वर्षाकाठी वीस बायकांना दिवस जातात.

निरोध, नीट वापरायचा तर

वर सांगितलेलं एकही साधन संसर्गापासून वाचवत नाही. तांबी नाही, अंतरा नाही, ऑपरेशन तर नाहीच. एचआयव्ही, गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया), कावीळ ‘ब’ यांना अडवायला निरोधच लागतो. दिवस न जाण्यासाठीही तो चालतो, पण एकट्या निरोधावर असलेल्या शंभर जोडप्यांत वर्षाला तेरा बायकांना दिवस जातात. रबर वाईट म्हणून तसं होतं असं नाही. प्रत्येक वेळी वापरला जात नाही किंवा चुकीचा वापरला जातो, म्हणून होतं. त्यामुळे बायकोकडे तांबी किंवा छाया आणि वर निरोध, अशी दुहेरी सोय मला सर्वांत पक्की वाटते.

पालात जागा नसते, दिवा नसतो, शेजारच्या पालात आवाज जातो, सगळं घाईत होतं. म्हणून हे आधी समजून घेतलेलं बरं. पाकिटावरची तारीख उजेडात, दिवसाच बघून ठेवा. दाबल्यावर पाकिटात हवा जाणवली पाहिजे. हवा नसेल तर ते फुटकं. आतलं रबर एका बाजूला सारून दुसऱ्या बाजूनं हातानं फाडा, दातानं किंवा विळ्यानं नाही. लिंग पूर्ण ताठ झाल्यावर, संबंधाच्या आधीच चढवायचा, मध्येच नाही. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि गुंडाळीची कड बाहेरच्या बाजूला ठेवून मुळापर्यंत उलगडत न्या. उलटा लागला आणि उलगडेना, तर तोच पालटून लावू नका, नवा घ्या. झाल्यावर ताठरता असतानाच, कड मुळाशी धरून बाहेर या. गाठ मारा, कागदात गुंडाळा, खड्ड्यात पुरा. पाटात किंवा बांधावर टाकू नका, लेकरं फुगे समजून उचलतात.

आमच्याकडची नेहमीची चूक म्हणजे खोबरेल तेल. कोरडं वाटतं म्हणून तेल, व्हॅसलीन, घरातलं जे असेल ते लावतात. तेलानं रबर काही मिनिटांतच कमजोर होतं आणि फाटतं. लागलंच तर पाण्यात विरघळणारं जेल दुकानात मिळतं, तेच वापरा. एकावर एक दोन चढवू नका, घासून दोन्ही फाटतात. आणि साठवण: पत्र्याच्या पेटीत तळाशी, कपड्यांत गुंडाळून ठेवा. गाडीच्या डिक्कीत, खिशातल्या पाकिटात, चुलीजवळच्या कोपऱ्यात नको. उष्णतेनं तो खराब होतो.

नवरा तयार नसेल तर काय, हा खरा प्रश्न असतो. ‘तुम्हांला आजार आहे’ असं म्हटलं की भांडण होतं. मी बायकांना सांगते, आजाराचं नाव काढू नका, ‘औंदा दिवस गेले तर माझा कोयता बंद पडेल, उचल फिटायची नाही’ असं म्हणा. हे खरंही आहे आणि त्याला लगेच समजतं. आणि जमलं तर त्याला माझ्याकडे घेऊन या. पुरुषांशी बोलायला मी कधी संकोचले नाही.

पांढरं जातंय, आणि कुणी म्हणतंय ‘पिशवी काढा’

इथे मी जरा थांबून बोलणार आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यांतल्या कितीतरी पंचविशी-तिशीतल्या. आमच्या गावांत ही गोष्ट आकड्यांच्या आधीपासून माहीत होती. पांढरं जातंय, कंबर दुखतेय, पाळीत जास्त जातंय, असं सांगत बाई खासगीत जायची, ‘कॅन्सर होईल’ असं ऐकायची आणि कर्ज काढून पिशवी काढून यायची. वर पाळीचे खाडे वाचतात, हाही हिशेब असायचा.

पिशवी काढणं हे गर्भनिरोधनाचं साधन नव्हे, आणि पांढरं जाण्यावरचा उपचारही नव्हे. पाळीच्या साधारण चार आठवड्यांच्या चक्रात थोडं पांढरं, चिकट, बिनवासाचं पाणी जाणं हे साधं आहे. दह्यासारखं घट्ट जातंय आणि खूप खाज आहे, तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. तो नवऱ्याच्या वागण्यामुळेच होतो असं नाही. घाम, ओले कपडे, पाळीचं न वाळलेलं फडकं, मधुमेह यांतूनही होतो. माशासारखा वास, पिवळं-हिरवं पाणी, लघवीला जळजळ, जननेंद्रियावर जखम किंवा पुळी, जांघेत गाठ, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखून ताप, यांतलं काहीही असेल तर वाट बघू नका. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर त्यालाही हेच लागू.

ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथं लक्षणं बघून औषधांची रंगीत पाकिटं मिळतात, राखाडी, हिरवं, पांढरं अशी. पैसे लागत नाहीत. बरेच संसर्ग एका वेळच्या गोळ्यांनी किंवा एका इंजेक्शननं बरे होतात. पण औषध दोघांनी घ्यायचं. एकट्या बायकोनं घेतलं आणि नवरा तसाच राहिला, तर आठ दिवसांत आजार परत तिच्या अंगावर. उपचार पूर्ण होईपर्यंत, किमान सात दिवस, संबंध नको. आतून डेटॉल, साबण, लिंबू लावून धुऊ नका. त्यानं चांगले जंतू मरतात आणि आजार वाढतो.

कॅन्सरची भीती वाटत असेल तर तपासणी आहे. तिशी ओलांडलेल्या बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य आम्ल लावून बघतात, काही मिनिटांचं काम, सरकारी दवाखान्यात फुकट. पिशवी काढायला सांगितलं तर ‘ही तपासणी झाली का, सोनोग्राफीत काय दिसलं, औषधानं का नाही होणार’ हे तीन प्रश्न विचारा आणि जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या.

निघण्याआधी एकदा रक्त तपासा

एचआयव्ही आणि गरमी या दोन्हींची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. तिथला समुपदेशक आधी बोलतो, तुमची संमती घेतो आणि निकाल कुणाला सांगत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ही गुप्तता बंधनकारक केली आहे. काही विचारायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. धोका झाला असेल आणि तपासणी लगेच चांगली आली, तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा. लवकरच्या तपासणीत संसर्ग सुटू शकतो. नवरा-बायको दोघांनी मिळून तपासलं की कुणीच कुणावर बोट ठेवत नाही, असा माझा अनुभव आहे.

काही बिघडलं तर

निरोध फाटला, गोळ्या चुकल्या, जबरदस्ती झाली, तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी बरी. आशाताईंच्या पिशवीत ‘ई-झी पिल’ असते, एक सोबत घेऊन जा. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. ही गर्भपाताची गोळी नाही. ती बीज सुटणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. दर आठवड्याला घ्यायचीही नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर तीही हेच काम करते, आणि गोळीपेक्षा चांगलं करते.

जबरदस्ती कुणी केली, मुकादमानं, गाडीवाल्यानं, आणखी कुणी, तरी सरकारी असो की खासगी, कोणत्याही दवाखान्याला मोफत उपचार द्यावेच लागतात. ‘आधी पोलिसांत जा’ असं म्हणून परत पाठवता येत नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, ती मागून घ्या. १८१ हा महिलांचा, ११२ पोलिसांचा आणि १०९८ मुलांचा क्रमांक. फडावर अठराच्या आतली मुलगी लग्न करून आणलेली दिसली, तर १०९८ला फोन करा. कोयता पुरा व्हावा म्हणून तिचं शरीर पणाला लावण्याचा हक्क कुणालाच नाही.

पाळी चुकली तर ‘निश्चय’ किट वापरा, तेही आशाताईंकडे मिळतं. सकाळची पहिली लघवी, खळग्यात दोन-तीन थेंब, पाच मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे दिवस नाहीत, दोन रेघा म्हणजे दिवस गेलेत. एकही रेघ नाही तर किट खराब, दुसरं घ्या.

दिवस गेले आणि नको असतील, तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला. साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं काढता येतो, बाई विवाहित असो वा नसो. सज्ञान बाईला स्वतःची सही पुरते, नवऱ्याची किंवा सासूची लागत नाही. जितकं लवकर जाल तितकं सोपं. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, पण डॉक्टरनं तपासून, गर्भ नळीत तर नाही ना हे बघून. मुकादमाच्या फोनवर दुकानदारानं पाठवलेल्या गोळ्या पालात गिळू नका. तासाला दोन मोठी फडकी भिजत असतील, चक्कर येत असेल, ताप असेल, तर खाड्याचा विचार न करता १०८ ची गाडी बोलवा.

पेटीत काय ठेवायचं

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी प्लास्टिकच्या एका पिशवीत हे बांधून देते: निरोधाची पाकिटं, सहा महिन्यांच्या छाया किंवा माला-एन, ई-झी पिल, दोन निश्चय किट, लोहाच्या गोळ्या, अंतराचं कार्ड, तांबीचं कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड. एका चिठ्ठीवर माझा आणि आशाताईंचा फोन, वरचे क्रमांक, आणि मोकळी जागा. कारखान्यावर पोचल्यावर जवळच्या आरोग्य केंद्राचं नाव आणि तिथल्या सिस्टरचा फोन त्या जागेत लिहून घ्यायचा. पाल पडल्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशीच हे करून टाका, गरज पडेपर्यंत थांबू नका. कर्नाटकात गेलात तरी तिथल्या सरकारी केंद्रात तांबी, अंतरा, छाया हीच साधनं याच नावानं मिळतात.

परत आल्यावर आठवडाभरात भेटा. तांबीचा धागा बघू, अंतराची तारीख बघू, उरलेल्या छायाच्या गोळ्या मोजू, म्हणजे किती चुकल्या ते कळेल. फडात कुणाला काही झालं असेल, तर रक्ताची दुसरी तपासणी तेव्हाच करू. आणि ज्या घरात आता मूल नको असं ठरलंय, तिथल्या दादांनी जूनमधल्या नसबंदी शिबिराची तारीख मला तेव्हाच विचारून ठेवावी.